डासाचा माग काढणारा डॉक्टर : सर रोनाल्ड रॉस



भाताची लावणी उरकली, की आपल्या भोर-वेल्ह्याकडे दोन पाहुणे हमखास येतात. एक धुकं आणि दुसरे डास. खाचरात पाणी, ओढ्यात पाणी, गोठ्यामागच्या डबक्यात पाणी, अगदी फुटक्या घमेल्यातसुद्धा पाणी! दिवेलागणीला गोठ्यात धूर केला तरी जनावरं शेपट्या हलवून दमतात आणि आपण टाळ्या वाजवून.

माझी आजी सांगते, तिच्या लहानपणी पावसाळा सरता सरता घरोघर थंडीताप यायचा. अंगावर चार घोंगड्या टाकल्या तरी हुडहुडी थांबत नसे. मग कोयनेलची कडू गोळी गिळायची. कुणी म्हणे पाणी बाधलं, कुणी म्हणे हवा बाधली. आपल्याकडेच नव्हे, सगळ्या जगात लोक असेच म्हणत होते. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा असा आहे. तो इटलीकडचा शब्द आहे.

हा ताप हवेने येत नाही, डासाच्या चाव्याने येतो, हे ज्यांच्या कष्टाने सिद्ध झाले त्या सर रोनाल्ड रॉस यांची आज ओळख करून घेऊ. त्यांना तो शोध 20 ऑगस्ट 1897 या दिवशी लागला. म्हणून 20 ऑगस्ट हा जागतिक डास दिन म्हणून पाळतात. आपल्या भित्तिपत्रकाचा हा अंकही ऑगस्टचाच आहे, बरं का!

बालपण आणि शिक्षण

रोनाल्ड रॉस यांचा जन्म 13 मे 1857 रोजी हिमालयातील अल्मोडा या गावी झाला. 10 मे रोजी मीरतला सत्तावन्नच्या उठावाची ठिणगी पडली होती. त्यानंतर तीनच दिवसांनी हे मूल जन्मले. वडील इंग्रजांच्या फौजेत मोठे अधिकारी होते. आठव्या वर्षी रोनाल्डला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले.

तुम्हाला वाटेल, हा मुलगा लहानपणापासून डॉक्टर व्हायचे म्हणत असेल. मुळीच नाही! त्याला कविता कराव्यात, चित्रे काढावीत, गाणे शिकावे असे वाटे. गणिताचाही नाद होता. पण वडिलांची इच्छा म्हणून 1874 साली त्याने लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळात नाव घातले. मन रमत नव्हते, अभ्यास बेताचाच झाला. तरी परीक्षा पार पडल्या आणि 1881 साली ते हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय नोकरीत आले.

पिंपातले पाणी

1883 साली रॉस बंगळूरला होते. राहायला बंगला चांगला, पण डास फार. त्यांनी पाहिले, की आपल्याच खोलीत इतरांपेक्षा जास्त डास आहेत. असे का? ते शोधू लागले. खिडकीजवळ पाण्याचे पिंप होते. आत डोकावून पाहिले तर वळवळणारे किडे! ते पाणी ओतून टाकल्यावर डास कमी झाले.

मग त्यांना वाटले, सगळ्याच बंगल्यांतली पिंपे, डबे, फुलदाण्या अशा रिकाम्या केल्या तर? त्यांनी वरिष्ठांना विचारले. पण वरिष्ठांना ते पटले नाही. निसर्गाच्या व्यवस्थेत ढवळाढवळ नको, असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा डासाचा आणि तापाचा संबंध रॉस यांनाही ठाऊक नव्हता. पण साचलेल्या पाण्यात डास जन्मतो, ही खूणगाठ त्यांच्या मनात बसली.

कोडे पडले

1880 साली लाव्हेरां नावाच्या फ्रेंच डॉक्टरांना आफ्रिकेतील अल्जीरियात तापकऱ्याच्या रक्तात बारीक जंतू दिसले होते. हे मलेरियाचे जंतू. पण ते एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातात कसे, हे कोणाला सांगता येईना.

1894 साली रॉस रजेवर लंडनला गेले. तिथे त्यांना डॉ. पॅट्रिक मॅन्सन भेटले. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत डासाच्या पोटात जातात, हे मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना पाहिले होते. मलेरियाचे जंतूही डासच नेत असावा, असा त्यांचा तर्क होता. मात्र एका गोष्टीत ते चुकले. त्यांना वाटे, की तापकऱ्याला चावलेला डास पाण्यात मरून पडतो आणि ते पाणी पिणाऱ्याला ताप येतो.

रॉस यांनी ठरवले, की आपण याचा छडा लावायचाच. 1895 साली ते सिकंदराबादला रुजू झाले. सिकंदराबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता.

दोन वर्षे वाया?

आता खरी कसोटी सुरू झाली. रॉस तापकऱ्यांना मच्छरदाणीत झोपवत आणि आत डास सोडत. डास रक्त पिऊन फुगले, की त्यांना बाटलीत ठेवत. मग सुईने डास उघडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पोट कणाकणाने पाहायचे. मित्रांनो, मोहरीचा एक दाणा घ्या आणि सुईने त्याचे साल काढून बघा. म्हणजे हे काम किती नाजूक होते ते कळेल.

मेलेले डास ज्यात होते असे पाणी काही माणसांना पाजूनही पाहिले. लछमन नावाच्या माणसाने ते प्यायले. त्याला थोडा ताप आला, पण बाकीच्यांना तसे काही होईना. तेव्हा पाण्याचा तर्क खरा नसावा, अशी शंका रॉस यांना येऊ लागली. माणसांना असे पाणी पाजणे आज कोणी मान्य करणार नाही. त्या माणसांनी आपला जीव धोक्यात घातला होता, हे आपण विसरू नये.

मधेच सरकारने त्यांना पटकीच्या कामासाठी बंगळूरला पाठवले. 1897 साली रजा मिळाली तर ही स्वारी आराम करायची सोडून निलगिरी डोंगरातल्या सिगूर घाटात गेली, कारण तो घाट तापासाठी बदनाम होता. झाले काय, तर डॉक्टरसाहेबांनाच तिथे मलेरियाने गाठले! ते बरे झाले आणि परत कामाला लागले.

एवढे करूनही हाताला काही लागत नव्हते. दोन वर्षांत किती डास फाडले त्याला गणती नाही. जंतू कुठेच सापडेना. कारण काय? कारण साधे होते. ते चुकीच्या जातीचे डास तपासत होते. घरात ढिगाने मिळणारे करडे आणि पट्टेरी डास ते घेत. मलेरियाचा डास वेगळाच होता. डास म्हणजे डास, त्यात काय पाहायचे, असे आपण म्हणतो ना? तिथेच सगळे अडले होते.

ठिपक्यांच्या पंखांचा डास

1897 सालचा ऑगस्ट महिना. ठिकाण सिकंदराबादजवळचे बेगमपेठचे इस्पितळ. उकाडा असा, की घाम गळून सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. डोक्यावरचा पंखा चालवावा तर उघडून ठेवलेला डास उडून जायचा. म्हणून पंखा बंद! चिलटे डोळ्यांत आणि कानांत शिरत. तरी रॉस यांची मान खालीच.

डासांच्या अळ्या शोधायला त्यांनी माणसे पाठवली होती. त्यांतल्या एकाने एका बाटलीत काही अळ्या आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांतून डास निघाले. त्यांच्या पंखांवर ठिपके होते. तिथल्याच एका हिंदी मदतनीसाने भिंतीवर बसलेला असाच एक डास रॉस यांना दाखवला. इतर डास पाठ वाकवून भिंतीला समांतर बसतात. हा मात्र शेपूट वर करून तिरका बसला होता. हाच अॅनॉफिलिस डास.

तेव्हा हुसेन खान नावाचा एक तापकरी इस्पितळात होता. त्याच्या रक्तात भरपूर जंतू होते. 16 ऑगस्टला त्याला मच्छरदाणीत निजवून हे ठिपकेवाले डास सोडले. एका डासाच्या चाव्याला एक आणा, असा करार होता. सोळा आण्यांचा एक रुपया, हे घरी विचारा, आजोबा सांगतील. दहा डास चावले आणि हुसेन खानाला दहा आणे मिळाले.

आता हे थोडके डास हाच सगळा खजिना. काही मेले, काही आधीच्या दिवसांत तपासून झाले. 20 तारखेला शेवटचे दोन-तीनच उरले होते. रॉस यांनी एक उघडला. सगळे पाहून झाले, काही नाही. पोटाची पिशवी तेवढी राहिली. डोळे शिणले होते. सोडून द्यावे असे वाटत होते. तरी त्यांनी ती पिशवीही पाहायला घेतली. आणि काय आश्चर्य! पिशवीच्या भिंतीत गोल गोल पेशी दिसल्या आणि त्यांत काळे बारीक कण. असे काळे कण मलेरियाच्या जंतूतच असतात, हे रॉस यांना पक्के ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास उघडला. त्यातल्या पेशी आणखी मोठ्या झाल्या होत्या. म्हणजे डासाच्या पोटात जंतू जिवंत होता आणि वाढत होता! त्या दिवसावर रॉस यांनी कविताही लिहिली. लहानपणचा नाद सुटला नव्हता तर!

बदली आणि चिमण्या

आता थोडेच काम उरले होते. डासाच्या पोटातला जंतू माणसाच्या अंगात परत जातो कसा, एवढेच पाहायचे होते. पण तेवढ्यात बदलीचा हुकूम आला. राजपुतान्यातल्या खेरवाडा या ठिकाणी, जिथे मलेरिया फारसा नव्हताच! हाताशी आलेला घास गेला. रॉस फार कष्टी झाले. पुष्कळ खटपटीनंतर 1898 च्या फेब्रुवारीत त्यांना कलकत्त्यात संशोधनाचे काम मिळाले.

तिथे नवीनच अडचण. प्लेगचे दिवस होते. 1896 साली मुंबईत आणि मग पुण्यात प्लेगने काय हाहाकार केला ते आपण इतिहासात वाचले आहे. सुई टोचूनच प्लेग देतात, अशी अफवा उठली होती. रक्त तपासायला लोक बोट पुढे करीनात. मग रॉस पक्ष्यांकडे वळले, कारण पक्ष्यांनाही त्यांचा वेगळा मलेरिया होतो. महंमद बक्ष नावाचा मदतनीस डास आणि पक्षी सांभाळत प्रयोगशाळेतच झोपे.

जुलै 1898 मध्ये उत्तर मिळाले. डासाच्या पोटात वाढलेले जंतू शेवटी त्याच्या लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसतात. डास चावताना आधी लाळ सोडतो. त्या लाळेबरोबर जंतू अंगात शिरतात. आजारी चिमण्यांना चावलेले डास निरोगी चिमण्यांना चावू दिले, तर त्यांतल्या बहुतेक आजारी पडल्या. कोडे सुटले! ताप हवेतून नाही, पिण्याच्या पाण्यातून नाही, चाव्यातून येतो. त्याच वर्षी इटलीत ग्रास्सी आणि त्यांच्या सोबत्यांनी अॅनॉफिलिस डास माणसालाही मलेरिया देतो, हे दाखवून दिले.

मान आणि भांडण

1899 साली रॉस इंग्लंडला परतले आणि लिव्हरपूलला शिकवू लागले. पण पाय घरात ठरत नव्हता. त्याच वर्षी आफ्रिकेत सिएरा लिओनला जाऊन तिथल्या डबक्यांतले डास शोधले. सुवेझ कालव्यावर इस्माइलिया नावाचे गाव मलेरियाने त्रासले होते. तिथे साचलेले पाणी हटवायची मोहीम झाली आणि मलेरिया जवळजवळ गेला. पुढे रॉस मॉरिशस बेटावर गेले. आपली मराठी माणसेसुद्धा तिथे उसाच्या मळ्यांवर कामाला गेली होती. तिथे मुलांची पोटे चाचपून पानथरी वाढली आहे का ते तपासले. गावात मलेरिया किती हे त्यावरून समजे.

1902 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 1911 साली सर ही पदवी मिळाली. तरी खरे सांगायचे तर रॉस स्वभावाने तापट होते. शोधाचा मान कोणाचा, यावरून त्यांचे आणि ग्रास्सींचे जन्मभर पटले नाही. थोर माणसांतही असा उणेपणा असतो. 16 सप्टेंबर 1932 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

गणिताच्या नादाचाही त्यांना उपयोग झाला. त्यांनी हिशेब मांडून दाखवले, की मलेरिया घालवायला एकूण एक डास मारावा लागत नाही. डास एका मर्यादेच्या खाली आणले, की एका रोग्याकडून पुढच्या माणसाकडे जंतू पोचेनासा होतो आणि रोग आपोआप विझतो. पालकांनो, एवढ्या डोंगरातले डास कुठवर मारायचे, असे कोणी म्हणाले तर त्याला हे गणित सांगा.

रॉस यांच्यानंतर

रॉस यांची वाट पुढे अनेकांनी चालवली. 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाची पाहणी केली. तिथे घरांच्या आवारातल्या विहिरींत मलेरियाचे डास वाढत होते. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि सुमारे आठ लाख माणसे दगावत. 1953 साली घरोघर डीडीटी फवारण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 1965 च्या सुमारास रोगी एक लाखावर आले. लोकांना वाटले, संपला मलेरिया! हात ढिले पडले, डासही औषधाला दाद देईनासे झाले, आणि 1976 साली रोगी 64 लाखांवर गेले. म्हणजे गाफील राहिलो, की डास परत येतो.

आपल्या पुण्यातही 1952 साली विषाणू संशोधन केंद्र निघाले. तेच आजचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थान. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासची माणसे तापाने पडली. पुण्याची माणसे तिकडे धावली. मेलेली माकडे तपासली, रानातल्या गोचिडी गोळा केल्या. ताप गोचिडीच्या चाव्याने येतो असे निघाले. हे काम करताना तिथल्या काही जणांना तोच ताप आला. या माकडतापाने 2016 साली आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातही माणसे आजारी पडली. सिगूर घाटात रॉस आजारी पडले, तसेच हे. रोगाचा माग काढायचा तर रोगाच्या रानात जावेच लागते.

नाव विसरलेला माणूस

एक गोष्ट मला सारखी आठवते. भिंतीवरचा तो तिरका बसलेला डास ज्याने दाखवला, त्याचे नाव काय होते? रॉस यांनी पुढे आपली आठवण लिहिली तेव्हा त्यांनी कबूल केले, की त्याचे नाव आपण विसरलो. हुसेन खान, महंमद बक्ष, लछमन यांची नावे तरी राहिली. त्या मदतनीसाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. पण त्याने डास नीट पाहिला नसता, तर रॉस यांची आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे!

गुरुजींनी हे सांगितले त्या दिवशी आम्ही शाळेच्या मागचे पिंप पाहायला गेलो. आत अळ्या होत्या. गुरुजी म्हणाले ओळखा. आम्ही वाकून पाहिले. शेपटाकडची नळी पाण्याच्या वर काढून डोके खाली लोंबत असेल, तर ती दुसऱ्या डासाची अळी. पाण्याच्या वरच्या थराला काडीसारखी आडवी पडली असेल, तर ती मलेरियाच्या डासाची. आमच्या पिंपातल्या लोंबणाऱ्या होत्या. तरी पिंप ओतून, घासून उन्हात पालथे घातले, कारण डेंग्यूचा डासही अशाच पाण्यात होतो.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण, माठ, पिंप रिकामे करून कोरडे ठेवले, तर डास जन्मतच नाही. करवंट्या, फुटके डबे, जुने टायर पावसात पडू द्यायचे नाहीत. गुरांची आंघोळीची डोणी घासायची. रानातून गुरे घेऊन आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते पाहायचे. आणि थंडी वाजून ताप आला, तर घरी झाकून बसायचे नाही. आरोग्य केंद्राच्या ताई बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतात. तेव्हा हात मागे घेऊ नका. हुसेन खान याने दहा डासांना हात दिला, आपल्याला तर एकच टोच!

मित्रांनो, आपल्यातल्या प्रत्येकाला रॉस होता येईलच असे नाही. पण भिंतीवरचा डास कसा बसलाय, हे बघणारा तो मदतनीस आपल्याला आजपासून होता येईल. त्यासाठी शाळेतून घरी जाताना आपल्या पडवीतले पिंप तेवढे उघडून पाहा.

– इयत्ता सातवी